वाफेच्या इंजिनाचा सोयरा

दसऱ्याला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. सुतार करवत आणि पटाशी धुऊनपुसून पाटावर मांडतो, लोहार ऐरणीला हळदकुंकू वाहतो, शेतकरी ट्रॅक्टरला झेंडूची माळ घालतो. या पूजेत भाबडेपणा आहे असे काही शहाण्यांना वाटते. मला तसे कधी वाटले नाही. ज्याच्या जिवावर घरची चूल पेटते त्याला वर्षातून एकदा तरी हात जोडावेत, एवढाच तिचा अर्थ. पण एखाद्याने हत्यारावर, यंत्रावर तीनशे पासष्ट दिवस जीव लावला तर? आणि यंत्रही असे, की ज्याच्यावर आता कुणाचीच चूल पेटत नाही, ज्याला जगाने केव्हाच भंगारात काढले आहे! अशा एका माणसाची हकिगत यंदाच्या दिवाळीला वाचकांपुढे ठेवावी असे मी योजले आहे. माणूस विलायतेतला आहे, पण त्याचे गाव आणि आपली मुंबई यांची जुनी सोयरीक आहे. ती कशी, ते ओघाने येईलच.

माणसाआधी यंत्राची ओळख करून दिली पाहिजे. वाफेची आगगाडी सर्वांना ठाऊक आहे. पण रुळांवाचून साध्या रस्त्यावर चालणारे वाफेचे इंजिनही एके काळी होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडातील मोठ्या शेतकऱ्यांनी मळणीसाठी वाफेची इंजिने वापरायला सुरुवात केली होती. गंमत अशी, की वाफेचे हे धूड या शेतातून त्या शेतात न्यायला घोडेच जुंपावे लागत! केंट परगण्यातील टॉमस ॲव्हलिंग नावाच्या शेतकऱ्याला ही गोष्ट फार हास्यास्पद वाटली. ज्याच्या अंगात घोड्यांचे बळ आहे त्याला घोड्यांनी ओढायचे, हा कुठला न्याय? त्याने १८५९ साली अशा एका इंजिनाच्या आसापासून मागच्या चाकांपर्यंत लांब साखळी बसवली आणि इंजिन आपल्या पायांनी चालू लागले. पुढे १८६२ साली पोर्टर हा भागीदार मिळाला आणि रॉचेस्टर येथे 'ॲव्हलिंग अँड पोर्टर' हा कारखाना नावारूपाला आला. आपण ज्याला ट्रॅक्टर म्हणतो त्याचे आजोबा ते हेच. त्याच कारखान्याने वाफेचे रोड रोलर केले आणि देशोदेशी, आपल्या हिंदुस्थानातही, पाठवले. त्यांच्या तोंडावर केंट परगण्याचे चिन्ह म्हणून मागच्या पायांवर उभा राहिलेला पितळी घोडा असे. ओझ्यातून सुटलेला घोडा इंजिनाच्या कपाळावर मानाने जाऊन बसला, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे तेलावर चालणारी यंत्रे आली. पाणी भरा, कोळसा घाला, वाफ धरेपर्यंत तास न् तास खोळंबा, ही कटकट कुणाला हवी होती? त्यातच १९३० नंतर इंग्लंडात जड वाहनांवर भारी कर बसले आणि रस्त्यावरच्या वाफेच्या इंजिनांचा निकाल लागला. शेकडो इंजिने भंगारवाल्यांच्या घणाखाली गेली, कित्येक वाड्यांमागे गंजत पडली.

ती सगळीच गेली असती. पण १९५० साली थेम्सकाठच्या ॲपलफर्ड गावी एक मौजेची गोष्ट घडली. आर्थर नॅपर नावाच्या शेतकऱ्याने आपल्या मित्राशी पैज लावली: दोघांनी आपापली जुनी इंजिने घेऊन शर्यत लावायची, आणि जिंकणाऱ्याला बिअरचे पिंप! माणूस सहज चालत मागे टाकील अशा वेगाची ही शर्यत. पण ती पाहायला गाव लोटले. नॅपर जिंकला. पुढल्या वर्षांत अशा शर्यतींचे मेळावे झाले, १९५४ साली शौकिनांचा राष्ट्रीय क्लब निघाला, आणि बघता बघता गावोगाव वाफेच्या यंत्रांच्या जत्रा भरू लागल्या. या जत्रांना येणारे लोक कोण? शेतकरी, फिटर, लोहार, खाणकामगार, एखादा डॉक्टर, एखादा पाद्री. कुणाला त्यातून पै मिळत नसे. उलट कोळशाचा आणि तेलाचा खर्च पदरचाच. आपल्याकडे वारीला जाणाऱ्याला तुला काय मिळते म्हणून कुणी विचारीत नाही. इथेही तोच न्याय.

या वारीतला सर्वांचा लाडका वारकरी म्हणजे फ्रेड डिब्ना.

तो २८ एप्रिल १९३८ रोजी लँकेशायरमधील बोल्टन येथे जन्मला. बोल्टन हे गिरण्यांचे गाव. सुताचे 'म्यूल' यंत्र १७७९ साली ज्याने पुरे केले तो सॅम्युअल क्रॉम्प्टन याच गावचा. भरभराटीच्या दिवसांत, १९२९ साली, एकट्या बोल्टनमध्ये २१६ कापूसगिरण्या होत्या. आकाशात जिकडे पाहावे तिकडे चिमण्या. फ्रेडचे वडील कापड धुऊन पांढरे करण्याच्या कारखान्यात कामाला होते. ते पोर गिरण्यांची इंजिने खिडकीतून पाहात आणि चिमण्यांवर चढणाऱ्या कारागिरांकडे माना मोडून बघत वाढले. शाळेत त्याचे फारसे लक्ष नसे. मी शाळामास्तर आहे; खिडकीबाहेर पाहणारी अशी मुले दर वर्षी माझ्या वर्गात असतात. त्यांना बाहेर काय दिसते हे विचारायची सवय मला फ्रेडची हकिगत वाचल्यापासून लागली.

तो सुतारकाम शिकला, पण मन चिमण्यांवर. सतराअठरा वर्षांचा असताना त्याने दहा शिलिंगांची पैज मारली आणि रात्रीच्या अंधारात बॅरो ब्रिज येथील अडीचशे फुटांहून उंच चिमणीवर चढून वीजवाहक तारेला दोन झेंडे बांधून आला. सकाळी गाव थक्क! गावच्या वर्तमानपत्राने बातमी छापली, पण श्रेय दिले मँचेस्टरच्या विद्यापीठातील विद्यार्थ्यांना. गिरणगावातल्या एका सुताराच्या पोराचे हे काम असेल, असे छापणाऱ्यांच्या मनातही आले नाही.

लष्करातील सक्तीची नोकरी त्याने आचाऱ्यांच्या तुकडीत काढली. परत आल्यावर उंच चिमण्या आणि चर्चचे मनोरे दुरुस्त करणे हाच त्याने धंदा केला. शिड्या एकीवर एक बांधीत वर जायचे, विटा सांधायच्या, लोखंडी पट्टे आवळायचे. डोक्यावर तेलकट चपटी टोपी, तोंडात विनोद. बोल्टनच्या मोठ्या चर्चच्या शिखरावरील वातकुक्कुटाला त्याने सोन्याचा वर्ख चढवला.

पण त्याच्या नशिबात एक विचित्र गोष्ट लिहिली होती. तो धंद्यात शिरला तेव्हाच लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या होत्या. बंद गिरणीची चिमणी कोण दुरुस्त करणार? मालकांना ती पाडायला माणूस हवा होता. ज्या चिमण्यांवर त्याचे बालपणापासून प्रेम, त्या पाडूनच त्याला पोट भरावे लागले. सुमारे नव्वद चिमण्या त्याने पाडल्या. पाडण्याची रीतही जुनी. सुरुंगाची दारू त्याला मंजूर नव्हती. चिमणी ज्या बाजूला निजवायची त्या बाजूच्या तळच्या विटा थोड्याथोड्या काढायच्या आणि जागोजाग लाकडी टेकू द्यायचे. असे निम्म्याहून अधिक बूड पोखरून झाले की टेकूंभोवती जुनी लाकडे रचून आग लावायची. चिमणीच ती! धूर ओढणे हा तिचा जन्मधर्म. शेवटच्या दिवशीही ती आपल्याच पायाखालची आग भरभर वर ओढी. टेकू जळत, वर एक बारीक तडा दिसे, फ्रेड भोंगा वाजवून पळत सुटे, आणि शे-दीडशे वर्षे उभा राहिलेला तो स्तंभ नेमका आखल्या जागी आडवा होई. मग धुळीतून बाहेर येऊन हा पोराटोरांसारखा हसत विचारी, आवडले का? लोक टाळ्या पिटीत. त्याचे चित्रपट मी पाहिले आहेत. टाळ्या ओसरल्यावर क्षणभर त्याचा चेहरा उतरतो. ज्या कारागिरांनी ती चिमणी बांधली त्यांचे गुण तो सांगू लागतो. चिताही त्याने रचायची आणि मृत्युलेखही त्यानेच लिहायचा, असा तो प्रकार होता.

पाडण्याचे हे पाप, जर ते पाप असेल तर, त्याने घराच्या परसात फेडले. वॉरिंग्टनजवळ एका कोठारात ॲव्हलिंग अँड पोर्टरचा जुना वाफेचा रोलर पडून होता. बॉयलर पार खंगलेला. फ्रेडने तो १७५ पौंडांना घेतला, आणि चालता करायला त्याला चौदाएक वर्षे लागली. बाजारात सुटे भाग मिळत नव्हतेच. ते त्याने स्वतः घडवले. त्यासाठी परसात व्हिक्टोरिया राणीच्या काळासारखा कारखाना उभा केला. वाफेचे इंजिन, त्यावर फिरणारा लांब दांडा, दांड्यावरून उतरलेले पट्टे आणि पट्ट्यांवर चालणारी यंत्रे. बॉयलरच अखेर नवा केला. बॉयलर करणे म्हणजे पत्र्याची पेटी जोडणे नव्हे. जाड पोलादी पत्रे वाकवायचे, भोके पाडायची, लालभडक रिव्हेट त्यातून घालून थंड होण्यापूर्वी ठोकायचे. एक सांधा कच्चा राहिला तर आत कोंडलेली वाफ माणसाचा बळी घेईल.

रोलर झाल्यावर त्याच कारखान्याचे, १९१२ साली बनलेले एक वाफेचे ट्रॅक्टर त्याने हाती घेतले. त्याला पंचवीस वर्षांहून अधिक काळ लागला.

घरच्या माणसांनी हे कसे सोसले असेल? कादंबरी लिहिणाऱ्याच्या मनात हा प्रश्न आल्यावाचून राहात नाही. परसात घण वाजतो आहे, मिळकत कोळशात जाते आहे, सुटी म्हणजे रोलरच्या मागे गाडी जोडून बायकामुलांसह ताशी तीनचार मैलांच्या गतीने वाफेच्या जत्रेला जाणे! रोलरला त्याने प्रथम बायकोचे नाव दिले होते. तो संसार मोडला. पुढे रोलरला आईचे, 'बेट्सी' हे नाव मिळाले. त्याने एकंदर तीन लग्ने केली. छंद हा सवतीसारखा असतो. जत्रेतल्या लोकांना तो देवमाणूस वाटला तरी घरात त्याची किंमत दुसरेच कुणी मोजीत होते, हे नोंदवल्यावाचून त्याचे चरित्र पुरे होत नाही.

१९७८ साली बोल्टनच्या टाउन हॉलचा मनोरा दुरुस्त करताना त्याला बीबीसीच्या माणसांनी टिपले आणि १९७९ साली त्याच्यावर डॉन हॅवर्थ यांनी चित्रपट केला. त्याला 'बाफ्टा' पुरस्कार मिळाला. चपट्या टोपीतला, गावंढळ हेल काढून बोलणारा हा कारागीर देशभर घरोघरी पोहोचला. पुढे गिरण्या, पूल, किल्ले, वाफेची यंत्रे यांवर त्याने कितीतरी मालिका केल्या. ज्याने शाळेत लक्ष दिले नाही त्याला दोन विद्यापीठांनी मानद पदव्या दिल्या. तरी जत्रेत तो पहिल्यासारखाच काजळी माखून आपल्या इंजिनापाशी उभा असे आणि कुणाही पोराने विचारले तरी झडप कशी उघडते ते समजावून सांगे. शौकिनांनी त्याला जीव लावला तो त्याच्या प्रसिद्धीमुळे नव्हे. आपण परसात बसून करतो ते वेडेपण नाही, हे त्यांच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना पटवणारा तो त्यांचा वकील होता.

२००१ साली त्याच्या मूत्रपिंडात गाठ निघाली. कर्करोग. उपचार झाले, थोडे बरे वाटले, पण रोग परतला. तो ट्रॅक्टर अजून पुरा व्हायचा होता! याच सुमारास त्याने परसात कोळशाच्या खाणीचा नमुना उभारायला घेतला होता, खरोखरीचा खोल खड्डा आणि त्यावर लाकडी घोडा. अशा वेळी शहाणा माणूस मृत्युपत्र करतो. फ्रेडने कामाचा वेग वाढवला. त्याचे मित्र जमले. कुणी जुना खाणकामगार, कुणी फिटर. आपल्याकडे शेतकरी आजारी पडला म्हणजे शेजारी न बोलावता त्याची पेरणी उरकून देतात, तसे हे लोक त्याच्या परसात राबले. समाचाराला फळे घेऊन येणारे पुष्कळ असतात. पाना घेऊन येणारे थोडे. ट्रॅक्टर पुरे झाले.

मे २००४ मध्ये त्याने रॉयटन येथे आपली शेवटची चिमणी पाडली. त्या उन्हाळ्यात त्याने ठरवले, की हे ट्रॅक्टर घेऊन देशभर हिंडायचे आणि जिथे जिथे जुने कसब जिवंत आहे, जिथे ओतकाम होते, साखळ्या घडतात, बॉयलर बनतात, ते कारखाने लोकांना दाखवायचे. चित्रण करणारे बरोबर होते. ७ जुलै २००४ रोजी लंडनच्या राजवाड्यात त्याला 'एम.बी.ई.' हा किताब मिळायचा होता. हा गृहस्थ ट्रॅक्टर घेऊनच निघाला! राजवाड्यासमोरच्या प्रशस्त रस्त्यावर इतके जड यंत्र आणले तर फरसबंदी बिघडेल, असे तिथल्या अधिकाऱ्यांना वाटले. अखेर तोड निघाली आणि जवळच्या वेलिंग्टन बराकीत ट्रॅक्टर उभे करण्याची परवानगी मिळाली. ज्या कारखान्याने जगाचे रस्ते दाबून सपाट केले त्याचे यंत्र रस्ता बिघडवील म्हणून अडवले जावे, यासारखा विनोद नाही.

त्या प्रवासाची चित्रे पाहवत नाहीत, आणि डोळे काढवतही नाहीत. भाग पुढे जातो तसा माणूस वाळत जातो. कोट सैल होतो, गालफडे बसतात. पण एखाद्या ओतशाळेत रसरसलेले लोखंड साच्यात पडू लागले की चेहरा उजळतो. काही दिवस चित्रण थांबवावे लागले. तरी मालिका उभी राहिली आणि त्याच्या मागे, २००५ साली, दाखवली गेली.

६ नोव्हेंबर २००४ रोजी बोल्टनच्या शुश्रूषागृहात, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, फ्रेड गेला.

१६ नोव्हेंबरला त्याची अंत्ययात्रा निघाली. आपल्या हाताने उभे केलेले वाफेचे इंजिनच त्याची शवपेटी ओढीत होते. चालवायला त्याचा मुलगा. पेटीवर फुले होती आणि ती चपटी टोपी होती. मागे वाफेच्या वाहनांची रांग. देशाच्या कानाकोपऱ्यातून शौकीन आपापली यंत्रे घेऊन आले होते. हे सांगायला सोपे आहे. असे एक यंत्र दहाबारा मैल हलवायचे तरी अर्धा दिवस जातो. ट्रकवर चढवून आणायचे तर खर्च वेगळा. पहाटे अंधारात उठून थंडीत आग पेटवायची. पण आले. बोल्टनच्या रस्त्यांवर दुतर्फा हजारो माणसे उभी होती. ज्या गावाच्या आकाशातून धूर नाहीसा झाला होता, त्या गावातून एक सकाळ पुन्हा कोळशाचा वास गेला. ज्या चर्चच्या शिखरावर त्याने वर्ख चढवला त्याच चर्चमध्ये प्रार्थना झाली. २००८ साली गावात त्याचा पुतळाही उभा राहिला.

आता सोयरिकीचे. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला काढली. पुढे लालबाग-परळ ही गिरण्यांची नगरी झाली. तिच्यातील यंत्रे बहुतेक लँकेशायरचीच. त्यांवर ओल्डहॅमच्या, बोल्टनच्या कारखान्यांची नावे ओतलेली असत. तिथल्या आणि इथल्या कामगाराच्या हाताला एकाच यंत्राचे घट्टे पडले. १९३१ साली महात्माजी लँकेशायरला गेले, तेव्हा आपल्या स्वदेशीने ज्यांची कामे गेली त्या कामगारांनीच त्यांचा जयजयकार केला. हातांना हातांची ओळख पटते ती अशी. मग १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा मोठा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, गिरण्या मोडल्या आणि चिमण्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले.

माझे मामा लालबागच्या एका गिरणीत सांचेवाले होते. यंत्राचा नुसता आवाज ऐकून कुठला भाग कुरकुरतो ते ते सांगत. संपानंतर ते गावी आले, आणि त्यांना ती विद्या कुणी विचारली नाही. ते गेले तेव्हा आम्ही सारे जमलो, रीतीप्रमाणे सर्व केले; पण गिरणीची एखादी चातीसुद्धा आमच्या घरात नव्हती, की जी त्यांच्या उशाशी ठेवावी.

म्हणून मला फ्रेडपेक्षाही त्या इंजिनवाल्यांचे कौतुक अधिक वाटते. माणसाचा मान म्हणजे त्याने जे जपले ते जाणणे, आणि तेही तो ऐकत असताना, त्याच्या हाताला हात लावून. पुतळा पुढे गावाने उभारलाच; पण ट्रॅक्टर वेळेवर पुरे केले ते मित्रांनी.

दिवाळी आहे. घरोघर फराळाची ताटे मांडली जातील. वाचकहो, तुमच्या घरी किंवा शेजारी कुणी जुने सांचेवाले, फिटर, इंजिनवाले आजोबा असतील तर चकलीबरोबर त्यांना एवढेच विचारा: तुमचे यंत्र कसे चालत असे? आणि मग घाई न करता ऐकत बसा. वाफ धरायला थोडा वेळ लागतो.